३४९ की ६४८? क्रूझर बाईक घेताना मी नेमकं काय मोजलं

मोबाईल घेताना आपण एक चूक हमखास करतो. मेगापिक्सेलचा आकडा मोठा दिसला की कॅमेरा भारी, असं धरून चालतो. मग घरी आल्यावर कळतं की संध्याकाळच्या उजेडात जुना फोनच बरा फोटो काढत होता. बाईकच्या बाबतीत मीही अगदी हेच करणार होतो. फरक एवढाच की फोन आवडला नाही तर वर्षभरात विकून टाकता येतो. २४१ किलोची गाडी आवडली नाही तर ती आधी अंगणातून बाहेर काढावी लागते.

हा २४१ चा आकडा मी उगाच घेतलेला नाही. गेल्या वर्षी जुलैमध्ये माझा एक मित्र त्याची ६५० सीसीची क्रूझर घेऊन आमच्याकडे वडिवळ्याला आला. कामशेतला जुना हायवे सोडून नाणे मावळात शिरलात की पावसाळ्यात रस्त्याची काय अवस्था असते, ते मावळातल्या वाचकांना सांगायला नको. चिखलणीचे दिवस होते. खाचरातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी चिखलाचे पट्टे डांबरावर आणून टाकलेले. मित्र व्यवस्थित आला. चहापाणी झालं आणि मी म्हटलं, जरा गाडी फिरवून लावतो. आमच्या दारासमोर छोटा उतार आहे. मी गाडी वळवायला घेतली, पुढचं चाक ओल्या शेवाळावर जरासं सरकलं, पाय टेकवला तो उताराच्या खालच्या बाजूला, आणि वेग शून्य असताना मी गाडीसकट आडवा झालो.

मला काही लागलं नाही. ब्रेकचा लिव्हर तुटला, तो मी भरून दिला. पण गाडी उचलायला आम्ही दोघं, चुलते आणि शेजारचा एक दादा असे चौघं लागलो. आप्पा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरून सगळं बघत होते. ते एवढंच म्हणाले, "चौघांनी उचलायची गाडी तू रोज एकटा कशी काढणार?"

त्या वेळी माझं जवळजवळ ठरलेलं होतं की ६५० च घ्यायची. यूट्यूबवर एकूण एक रिव्ह्यू पाहून झाले होते. त्या दिवसानंतर मी सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसलो. काय मोजलं आणि कसं, तेच या लेखात सांगतो. तुम्ही दुसरी कुठलीही गाडी घेणार असाल तरी पद्धत हीच वापरता येईल.

आधी स्वतःचा डेटा काढा

रिव्ह्यू बघण्याआधी एक काम करा. तुमच्या फोनमध्ये गुगल मॅप्सचं टाइमलाइन चालू असेल तर ते उघडा आणि मागच्या एका वर्षात तुम्ही प्रत्यक्षात कुठे कुठे गेलात ते बघा. चालू नसेल तर आजच चालू करा आणि दोन-तीन महिने थांबा, गाडी कुठे पळून जात नाही.

माझ्या डोक्यात लडाख होतं, स्पिती होतं, कन्याकुमारी होतं. टाइमलाइनमध्ये काय निघालं? कामशेत. वडगाव. आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीचं ऑफिस. लोणावळ्याला मित्रांबरोबर चहा-भजी. दोनदा कोल्हापूर, एकदा ताम्हिणीतून कोकणात, एकदा साताऱ्याला लग्नाला. संपलं वर्ष.

म्हणजे लांबचे चार प्रवास आणि बाकी सगळं जुन्या हायवेवर किंवा गावच्या रस्त्यावर. मला वाईट वाटलं हे खरं. पण गाडीचा हप्ता हे खरं वर्षच भरणार होतं, स्वप्नातलं नाही.

यात आमच्या भागापुरती आणखी एक गोष्ट आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे 'हायवेला ताशी १२० ने आरामात जाते' हा मोठ्या इंजिनाचा जो मुख्य गुण सांगतात, तो कामशेत ते पुणे किंवा कामशेत ते खंडाळा या पट्ट्यात वापरायची जागाच नाही. आपण जुन्या हायवेचे गिऱ्हाईक. तिथे वडगाव, तळेगाव, सोमाटणे, देहूरोड, प्रत्येक ठिकाणी सिग्नल, रिक्षा, आडवी येणारी म्हैस. ताशी ६०-७० ची सरासरी मिळाली तरी नशीब म्हणायचं.

३५० ही रेषा नक्की कुठून आली?

तुम्ही कधी नीट बघितलंय का? मिटिऑर ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं आहे. होंडाच्या एच'नेस सीबी३५० चं ३४८ च्या थोडं पुढे. जुनी बुलेट ३४६ ची होती. जावा ४२ बॉबर ३३४ ची. सगळ्या गाड्या ३५० च्या अलीकडे येऊन का थांबतात?

बुलेटच्या बाबतीत तो जुन्या इंग्लिश इंजिनाचा वारसा आहे. पण आज कंपन्यांना ३५० च्या आत राहण्यात खरा फायदा दिसतो तो करात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून ३५० सीसीच्या वरच्या बाईकवर २८ टक्के कर अधिक ३ टक्के सेस, असा ३१ टक्के बोजा होता. ३५० पर्यंतच्या गाडीला नुसते २८. फरक ३ टक्क्यांचाच, त्यामुळे लोक फारसं लक्ष देत नव्हते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चित्र पार बदललं. ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवर आता १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्या गाडीवर ४० टक्के. एका सीसीच्या फरकाने २२ टक्क्यांची उडी! साधं गणित करून बघा. कर धरायच्या आधी २ लाख किंमत असलेली ३४९ ची गाडी पूर्वी २,५६,००० ला पडायची, ती आता २,३६,००० ला पडते. २० हजार वाचले. उलट कर धरायच्या आधी ३ लाख किंमत असलेली ६५० ची गाडी ३,९३,००० वरून ४,२०,००० वर गेली. २७ हजार वाढले. हे आकडे समजावण्यासाठी गोल धरलेत, तुमच्या मॉडेलची किंमत टाकून फोनच्या कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघा. शिवाय आरटीओचा एकरकमी कर गाडीच्या किमतीवर टक्क्यांत लागतो, म्हणजे किंमत वाढली की तोही आपोआप वाढतो.

हीच ३५० ची रेषा विम्यातही आहे, आणि तिच्याबद्दल शोरूममध्ये सहसा कुणी बोलत नाही. नवीन दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम ५ वर्षांचा काढावा लागतो, हे सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीच्या गाडीला या ५ वर्षांचे ७,३६५ रुपये लागतात. ३५० च्या वर गेलात की १५,११७. वर जीएसटी वेगळा. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि हा फक्त समोरच्याच्या नुकसानीचा विमा आहे. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणखी निराळा.

मी खरं तर गणपतीतच बुकिंग करणार होतो. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला आणि आप्पांनी सांगितलं, थांब, घट बसू देत. नवे दर लागू झाले तोच घटस्थापनेचा दिवस होता. आयुष्यात पहिल्यांदा मुहूर्त आणि एक्सेल शीट यांचं एकमत झालेलं पाहिलं.

बीएचपी कमी, मग गाडी ओढते कशी?

आता जरा इंजिनाच्या आत जाऊ. हा भाग किचकट वाटला तरी सोडू नका, कारण क्रूझर म्हणजे काय हे इथेच कळतं.

पुण्याजवळ चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ड्यूक आठवा, २०१७ च्या आसपासची. ३७३ सीसी, साधारण ४३ पीएस ताकद. आणि मिटिऑर ३५० किती? ३४९ सीसी, २०.२ बीएचपी. सीसी जवळजवळ सारखे, पण ताकद निम्म्याहून कमी. कंपनीने फसवलं का? नाही.

सिलिंडर म्हणजे एक डबा समजा. त्याची रुंदी म्हणजे बोअर, आणि आत पिस्टन जेवढा वरखाली जातो तो स्ट्रोक. त्या केटीएमचा बोअर ८९ मिलिमीटर आणि स्ट्रोक ६०. म्हणजे रुंद आणि बुटका डबा, पिठाच्या डब्यासारखा. मिटिऑरचा बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८, म्हणजे अरुंद आणि उंच, तांब्यासारखा. होंडा सीबी३५० आणखी उंच आहे, ७० बाय ९०.५. बोअर आणि स्ट्रोक दिलेले असले की सीसी तुम्ही स्वतः काढू शकता. वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, दहावीचंच गणित.

बुटक्या डब्यात पिस्टनला कमी अंतर कापायचं असतं, म्हणून तो खूप भराभर वरखाली होऊ शकतो. ते केटीएम मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर पूर्ण ताकद देतं. उंच डब्यातल्या पिस्टनचा प्रवास लांब, म्हणून फेऱ्या कमी. मिटिऑर ६,१०० वर थांबते. आणि ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. फेऱ्याच कमी असतील तर कागदावर बीएचपी कमीच दिसणार.

पण टॉर्क कुठे मिळतो ते बघा. मिटिऑरचा सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे २७ न्यूटन मीटर, ४,००० फेऱ्यांवर येतो. त्या केटीएमचा ३७ येतो, पण ७,००० वर. टॉर्क म्हणजे मागच्या चाकाला मिळणारा पीळ. पान्याने घट्ट नट सोडवताना तुम्ही लावता ना, तोच. सिग्नलला सुटताना, चिखलातून दुसऱ्या गिअरवर हळू काढताना, मागे माणूस बसलेला असताना गाडी चढावर घेताना इंजिन २,५०० ते ४,००० च्या दरम्यान फिरत असतं. तिथे क्रूझर निवांत असते आणि स्पोर्ट गाडीला सारखे गिअर पाडावे लागतात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो, कारण बरेच जण ही लपवतात. ३५० ची दमछाक होते. कोल्हापूरला जाताना खंबाटकी घाटात मागे माणूस, दोन बॅगा आणि पुढे दोन कंटेनर समांतर चाललेले, अशा वेळी ओव्हरटेक करायला गेलं की गाडी 'बघू, बघू' म्हणते. हिशेब सोपा आहे. मिटिऑरचं वजन १९१ किलो, दोन माणसं आणि सामान धरून साधारण ३४०. त्याला २० बीएचपी. सुपर मिटिऑर ६५० चं वजन तेवढ्याच ओझ्यासकट ३९० च्या आसपास, पण ताकद ४७ पीएस. टनामागे धरलं तर सरळ दुप्पट. तुमच्या टाइमलाइनमध्ये दर महिन्याला सातारा-कोल्हापूर-बेळगाव असेल आणि मागे कुणी बसत असेल, तर ६५० चे जास्तीचे पैसे वाया जाणार नाहीत. माझ्याकडे असे प्रवास वर्षाला चार होते. तेवढ्यासाठी मी ओव्हरटेक न करता कंटेनरच्या मागे राहायला तयार आहे.

उंची, वजन आणि आमच्या दारातला उतार

स्पेसिफिकेशनमध्ये सीटची उंची दिलेली असते. सुपर मिटिऑरची ७४० मिलिमीटर, मिटिऑर ३५० ची ७६५, क्लासिक ३५० ची ८०५. माझी उंची साडेपाच फुटांच्या आत आहे. या आकड्यांवरून मी ठरवलं होतं की ७४० वाली मला सगळ्यात सोपी जाईल. आणि तिच्याच अंगाखाली गेलो.

कारण सीट कितीही खाली असली तरी उतारावर एका बाजूची जमीन आणखी खाली असते. गाडी तेवढी कलते, आणि मग किती वजन सावरायचंय हाच प्रश्न उरतो. १९१ आणि २४१ मध्ये ५० किलोचा फरक आहे. म्हणजे आपल्याकडच्या इंद्रायणी तांदळाचं एक पूर्ण पोतं. पोतं खांद्यावर घेतलेल्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा आकडा ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे तो. मिटिऑर ३५० चा १७० मिलिमीटर, सुपर मिटिऑरचा १३५. क्रूझर लांब असते. पुढचं चाक स्पीडब्रेकरवरून उतरलेलं असतं आणि मागचं अजून चढलेलं नसतं, तेव्हा मधलं पोट घासतं. गावात प्रत्येक शाळा, प्रत्येक देऊळ आणि प्रत्येक पुढाऱ्याच्या घरासमोर कुणाच्याही मापात न बसणारे स्पीडब्रेकर असतात. मागे माणूस बसला की गाडी आणखी दबते, हेही धरा. मागच्या शॉकअपचं प्रीलोड अशा वेळी वाढवायचं असतं. मिटिऑरला ते सहा टप्प्यांत घट्ट करता येतं, पान्याचं दोन मिनिटांचं काम आहे, पण अनेक जण गाडी घेतल्यापासून त्याला हातच लावत नाहीत.

क्रूझरची बसण्याची ढब दिसायला छान असते, पाय पुढे आणि पाठ सरळ. हायवेला आरामही वाटतो. पण पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की पायांवर जोर देऊन उठता येत नाही. साध्या कम्युटर गाडीवर आपण नकळत थोडं उठतो आणि गुडघे धक्का खातात. क्रूझरवर तो धक्का थेट माकडहाडाला. तुमच्या घराकडे जाणारा शेवटचा टप्पा उखडलेला असेल तर टेस्ट राइड तिथेच घ्या. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या चालतात.

आणि मागे कोण बसणार आहे? रिव्ह्यू करणारे मागच्या सीटवर दोन मिनिटं पाय टाकून बसतात आणि बॅकरेस्टचं कौतुक करतात. माझी आई साडी नेसते आणि एका बाजूला पाय सोडून बसते. तिच्यासाठी बॅकरेस्ट पाठीला येतच नाही, तो खांद्याच्या बाजूला येतो. तिला हवा असतो दोन्ही पाय मावतील असा फूटरेस्ट, हाताला धरायला काहीतरी, आणि चाकात पदर जाणार नाही असा साडी गार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानुसार मागे बसणाऱ्यासाठी पकड, फूटरेस्ट आणि चाक झाकणारं गार्ड असायलाच हवं. तरुण पोरं डिलिव्हरी घेतानाच 'लूक जातो' म्हणून साडी गार्ड काढून ठेवायला सांगतात. काढू नका. आईला मी शोरूमला घेऊन गेलो आणि उभ्या गाडीवर बसवलं. तिने दोन मिनिटांत एक गाडी बाद केली, कारण सीट मागे उतरती होती आणि तिला घसरल्यासारखं वाटत होतं. तीन महिन्यांत मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत हे नव्हतं.

चिखलाचा विषय निघालाच आहे तर एबीएसबद्दल दोन वाक्यं. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, पण नियमाला एका चाकाचंही चालतं. दोन्ही चाकांचं, म्हणजे ड्युअल चॅनेल आहे का ते विचारा. ओल्या डांबरावर चिखलाचा पट्टा आला आणि घाबरून ब्रेक दाबला, तर एबीएस चाक पूर्ण लॉक होऊ देत नाही. ते गाडी लवकर थांबवेलच असं नाही, पण हँडल तुमच्या ताब्यात राहतं. टायर ट्यूबलेस असणंही मी अटीत धरलं होतं. रात्री नऊनंतर पंक्चर झालं तर पंक्चरवाला कामशेतलाच, तोही उघडा असला तर. ट्यूबलेसला खिळा तसाच ठेवून हळूहळू घरी येता येतं. स्पोकच्या चाकात बहुतेक वेळा ट्यूब असते, तिथे हा पर्याय नाही.

तुमचा फोन आणि गाडीची थरथर

हा भाग न वाचता हँडलवर फोन लावू नका.

हल्लीच्या चांगल्या फोनच्या कॅमेऱ्यात ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन असतं. म्हणजे लेन्स किंवा सेन्सर छोट्या चुंबकांच्या आधाराने तरंगता ठेवलेला असतो आणि तुमचा हात हलला की तो उलट दिशेला सरकून फोटो स्थिर करतो. हा भाग फार नाजूक असतो. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये अधिकृतपणे सांगितलं की जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या इंजिनाची थरथर हँडलमार्फत सतत फोनला बसत राहिली, तर कॅमेऱ्याची ही यंत्रणा बिघडू शकते. सूचना आयफोनची असली तरी अशी यंत्रणा असलेला कुठलाही फोन हँडलला थेट घट्ट बसवताना तीच काळजी घ्या.

एका सिलिंडरच्या इंजिनात एकच जड पिस्टन वरखाली होतो, त्याला तोलायला समोर दुसरा नसतो. त्यातून थरथर येते. जुन्या ३५० बुलेट आणि क्लासिकवर आरसे का थरथरायचे, त्याचं उत्तर हेच. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मिटिऑरबरोबर जे नवं इंजिन आलं, त्यात बॅलन्सर शाफ्ट आहे. पिस्टन वर जाताना उलट दिशेला फिरणारं वजन, एवढंच ते. थरथर बरीच कमी होते, पण शून्य होत नाही. म्हणून फोन लावायचाच असेल तर रबरी डॅम्पर असलेला माउंट घ्या, किंवा त्यापेक्षा सोपं म्हणजे फोन खिशातच ठेवा.

खिशात ठेवून रस्ता कसा कळणार? मिटिऑरवर ट्रिपर नावाचा छोटा गोल स्क्रीन मिळतो. फोन खिशातच राहतो, रस्त्याचा हिशेब फोन करतो आणि ब्लूटूथने फक्त 'पुढे उजवीकडे, ३०० मीटर' एवढा बाण स्क्रीनवर येतो. पूर्ण नकाशा दिसत नाही. आधी मला हे कमी वाटलं होतं, आता वाटतं की चालवताना नकाशा दिसूच नये. मात्र फोनचं जीपीएस, डेटा आणि ब्लूटूथ तिन्ही चालू राहत असल्याने बॅटरी भराभर उतरते. हँडलजवळ यूएसबी पोर्ट असेल तर केबल आतून घ्या. पावसात ओला पोर्ट चार्जिंगला लावू नका.

गुगल मॅप्समध्ये दुचाकीचा पर्याय निवडायला विसरू नका, तो भारतात डिसेंबर २०१७ पासून आहे. कारच्या पर्यायावर ठेवलंत तर ते तुम्हाला खुशाल एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी नेऊन उभं करेल. पण दुचाकीच्या पर्यायाची उलटी खोड आहे. दोन किलोमीटर वाचवायला तो तुम्हाला एखाद्या खाचराच्या बांधावरूनही घालतो. पावसाळ्यात अनोळखी भागात त्याचं ऐकण्याआधी टपरीवरच्या काकांना विचारा. आणि आमच्यासारख्या नेटवर्क येत-जात असलेल्या भागात जाणार असाल तर त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा.

'फक्त नऊ टक्के' म्हणजे किती?

शेवटचा भाग पैशाचा, आणि खरा धोका इथे आहे.

एका शोरूममध्ये मला सांगितलं, "सर, फक्त नऊ टक्के फ्लॅट रेट." १,८०,००० चं कर्ज, ३ वर्षं. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. १,८०,००० चे नऊ टक्के म्हणजे वर्षाला १६,२००, तीन वर्षांचे ४८,६००. एकूण २,२८,६००, भागिले ३६, हप्ता ६,३५०. सगळं बरोबर दिसतं ना?

गडबड अशी आहे की दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत असता, पण व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण १,८०,००० वरच लावलेलं असतं. दोन वर्षांनी तुमच्याकडे त्यांचे जेमतेम ७० हजार राहिलेले असतात, तरी व्याज पूर्ण रकमेचं. बँक ज्याला घटत्या शिलकीवरचा दर म्हणते, त्या हिशेबाने हाच ६,३५० चा हप्ता साधारण सव्वासोळा टक्क्यांचा निघतो. नऊ नव्हे. कुठल्याही ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये १,८०,०००, ३६ महिने आणि १६.२५ टक्के टाकून बघा, हप्ता तोच येईल. म्हणून एकच प्रश्न विचारा: हा दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवरचा? समोरचा गडबडला की समजून जा.

त्याच कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' नावाची एक ओळ होती. कशाचे, विचारल्यावर तीन माणसांनी तीन उत्तरं दिली. विमाही त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल असं ते म्हणाले. तसं अजिबात नसतं, विमा तुम्ही कुठल्याही कंपनीकडून स्वतः ऑनलाइन काढू शकता. मी बाहेरून कोटेशन काढून फोनवर समोर धरलं, तर त्यांचंच कोटेशन खाली आलं. तरी मी तिथून उठलो. दुसऱ्या शोरूममध्ये किंमत, कर, नोंदणी, विमा, ॲक्सेसरी अशी प्रत्येक ओळ वेगळी लिहून घेतली, आणि कर्ज आमच्या पगाराच्या बँकेतून केलं.

२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, ३४९ सीसीची गाडी दारात आली. हार आणि लिंबू झाल्यावर मी ती त्याच उतारावर वळवून लावली, एकट्याने, इंजिन बंद ठेवून. दोनदा थांबावं लागलं. आप्पा ओट्यावरच होते. काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर म्हणाले, वडगावला पंचायत समितीत काम आहे, सोमवारी सोडशील का?